शाळा सुटली, भूक लागली: गणपती ते दिवाळी, मुलांचा खाऊ

गणपती गेले की मंडईचा रंग बदलतो. हातगाड्यांवर मातीसकट ओल्या शेंगांचे ढीग लागतात, लाल भोपळ्याच्या फोडी कापून मांडलेल्या दिसतात, नवरात्राच्या तोंडावर रताळी आणि शिंगाडे येतात, सीताफळांच्या पाट्या येतात. आणि याच दिवसांत रोज संध्याकाळी दप्तर सोफ्यावर आदळल्याचा आवाज येतो, पाठोपाठ प्रश्न: "खायला काय आहे?"

ज्यांना स्वयंपाकघराची अजून पुरती सवय नाही, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. मूल नुकतंच शाळेत जायला लागलेले आईबाबा, नातवंडं आल्यावर दोन तास घर सांभाळणारे आजोबा, होस्टेल सोडून पहिल्यांदा घर मांडलेला काका. इथे साच्यात कापलेली पानं किंवा चेहरे काढलेली बिस्किटं सापडणार नाहीत. ती फोटोला छान दिसतात, पण पाच वाजता भुकेलं मूल समोर असताना कोणी ती करत बसत नाही.

या दोन महिन्यांत खाऊ करावा कमी लागतो, उकडून ठेवावा जास्त लागतो. शेंगा, रताळी, शिंगाडे, कणसं, सगळ्यांना कुकर पुरतो. एक दिवसाआड रात्री जेवणं झाल्यावर कुकर लावायची सवय लागली, की दुसऱ्या दिवशी दहा मिनिटांत बशी तयार होते.

आधी वेळ आणि माप

सकाळच्या शाळेची मुलं दुपारी येऊन जेवतात, त्यांना चार-साडेचारला भूक लागते. दुपारच्या अधिवेशनाची मुलं साडेपाच-सहाला येतात आणि तेव्हा त्यांना जेवणच हवं असतं, पण स्वयंपाक झालेला नसतो. दोघांना वेगळा खाऊ लागतो. पहिल्यांना पोटभरीचं चालतं, कारण रात्रीचं जेवण अजून चार तास लांब आहे. दुसऱ्यांना मुठीएवढंच द्यावं, नाहीतर आठ वाजता ताटावर रडारड ठरलेली. मूठ त्या मुलाची, तुमची नव्हे.

आल्याआल्या आधी पाणी. ऑक्टोबरच्या उकाड्यात मुलं शाळेतून घामेजून येतात, आणि पुष्कळदा भूक म्हणतात ती तहानच असते. साधं पाणी नको म्हणाली तर कोकम सरबत किंवा पातळ ताक द्या. चवीला किंचित मीठ घाला.

आणखी एक गोष्ट आताच सांगून ठेवतो. हवेत ऊन आणि दमटपणा दोन्ही असल्यामुळे उकडलेले पदार्थ लवकर आंबतात. सकाळी उकडून ओट्यावर ठेवलेलं रताळं संध्याकाळी देऊ नका. रात्री उकडलं, गार झालं, फ्रीजमध्ये गेलं, दुसऱ्या दिवशी गरम करून दिलं, अशी साखळी पाळा.

ओल्या शेंगा: पहिला धडा

खरिपाचा भुईमूग या दिवसांत निघतो, म्हणून ओल्या शेंगा आत्ताच स्वस्त आणि ताज्या मिळतात. स्वयंपाक अजिबात येत नसेल तर सुरुवात इथूनच करा. यात काही बिघडायला वावच नाही.

घेताना शेंग हातात वजनदार लागली पाहिजे. टरफल भरलेलं, दाबलं तर न दबणारं. छोटी छिद्रं पडलेल्या, काळपट डाग असलेल्या किंवा बुरशीचा वास येणाऱ्या शेंगा बाजूला काढा. भुईमुगावरच्या बुरशीतून अफ्लाटॉक्सिन नावाचं विष तयार होतं आणि ते उकडून जात नाही. सोलल्यावर दाणा सुरकुतलेला, काळा किंवा कडू निघाला तर तो टाकून द्यायचा. हे मुलांनाही शिकवा: कडू लागलं की थुंकायचं, गिळायचं नाही. इथे शिष्टाचार बाजूला.

अर्धा किलो शेंगा बादलीत पाणी घेऊन तीन-चार वेळा चोळून धुवा. माती पुष्कळ निघते. मग अर्धा तास पाण्यात भिजू द्या. कुकरमध्ये शेंगा, त्या बुडतील एवढं पाणी आणि दोन मोठे चमचे मीठ. मीठ जास्त वाटेल, पण टरफलातून आत जाणारं थोडंच असतं. मध्यम आचेवर चार शिट्ट्या काढा. शेंगा वाळत आलेल्या असतील तर सहा. कुकर आपोआप गार होऊ द्या, आणि झाकण उघडल्यावरही शेंगा अर्धा तास त्याच पाण्यात राहू द्या. दाण्यात चव उतरते ती या अर्ध्या तासात. मीठ वाढवून हे काम होत नाही. गाडीवरच्या शेंगा घरच्यापेक्षा चविष्ट का लागतात, याचं कारण बहुतेक वेळा एवढंच असतं की त्या तासन्‌तास पाण्यात पडून असतात.

मुलांसमोर परात ठेवा, टरफलांसाठी दुसरं भांडं ठेवा आणि बाजूला व्हा. सोलायला वेळ लागतो, त्यामुळे मूल हळू खातं आणि शाळेत काय झालं हे आपोआप सांगायला लागतं. "आज शाळेत काय शिकवलं?" असं विचारून जे कळत नाही, ते वाटीभर शेंगा सोलताना कळतं.

उरलेल्या शेंगा सोलून दाणे फ्रीजमध्ये ठेवा. दोन दिवस टिकतात. त्यात बारीक चिरलेला कांदा, काकडी, कोथिंबीर, लिंबू आणि चिमूटभर तिखट घातलं की दुसऱ्या दिवशीचा खाऊ झाला. दाणे बुळबुळीत लागले तर विचार न करता टाका.

चार-पाच वर्षांखालच्या मुलांना अख्खा दाणा देऊ नका, घशात अडकतो. त्यांच्यासाठी उकडलेले दाणे चमच्याने ठेचून भातात किंवा पोळीच्या तुकड्यावर द्या. आणि शेजारची मुलं घरी आली असतील तर कोणाला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे का, हे आधी विचारायचं. विचारण्यात लाजण्यासारखं काही नाही.

रताळी, गोड आणि तिखट

रताळं घेताना मोठं, जाडजूड पाहून भुलू नका. मध्यम जाडीची, सरळ रताळी कमी दोऱ्यांची निघतात. सालीवर बारीक काळी भोकं असतील तर आत कीड आहे. तेवढाच भाग कापून काढला तरी कडवटपणा उरलेल्या रताळ्यातही पसरलेला असतो, म्हणून असं रताळं घेऊच नये.

उकडायचं तर थेट पाण्यात टाकू नका, पाणचट होतं. कुकरच्या तळाशी पाणी, वर भांड्यात धुतलेली अख्खी रताळी, भांड्यात पाणी नाही. तीन शिट्ट्या. साल सोलून वर थोडं तूप आणि मीठ, किंवा दुधात कुस्करून. लहान मुलांना यापेक्षा जास्त काही लागत नाही.

थोडी मेहनत करायची तयारी असेल तर गोड काचऱ्या करा. दोन मध्यम रताळी सोलून अर्ध्या सेंटीमीटर जाडीच्या चकत्या कापा आणि लगेच पाण्यात टाका, नाहीतर काळ्या पडतात. पसरट तव्यात दीड चमचा तूप, चकत्या निथळून एका थरात पसरायच्या, वर झाकण, आच मंद. पाच-सहा मिनिटांनी उलटा. सुरी सहज आत गेली की दोन चमचे किसलेला गूळ आणि वेलचीची पूड भुरभुरायची, गूळ वितळून चकत्यांना चिकटला की गॅस बंद. गूळ घातल्यावर दोन मिनिटांपेक्षा जास्त ठेवलं तर त्याची चिक्की होते आणि दुधाच्या दातांना ती झेपत नाही.

तिखट खाणाऱ्यांसाठी रताळ्याचा कीस आहेच. किसून पाण्यात टाका, घट्ट पिळा, तुपात जिऱ्याची फोडणी, एखादी मिरची मोठे तुकडे करून (म्हणजे मुलाला बाजूला काढता येते), कीस, झाकण, सात-आठ मिनिटं. शेवटी मीठ, दाण्याचं कूट आणि लिंबू. नवरात्रात घरातल्या मोठ्यांच्या उपासालाही हेच चालतं, त्यामुळे दोनदा रांधावं लागत नाही. नवरात्राचे नऊ दिवस खाऊच्या दृष्टीने सर्वांत सोपे असतात असं मला वाटतं. राजगिऱ्याचे लाडू, उकडलेले शिंगाडे, वरीचे तांदूळ घरात असतातच, मुलांचा वाटा फक्त आठवणीने बाजूला काढायचा.

शिंगाड्यांबद्दल दोन वाक्यं. भंडारा-गोंदियाकडे तळ्यांतून ते भरपूर निघतात आणि तिथल्या मुलांना त्यांचं अप्रूप नसतं. पुण्या-मुंबईत मात्र पुष्कळ मुलांनी पाहिलेलेही नसतात. तळ्यातलं फळ असल्यामुळे कच्चं दाताने सोलू देऊ नका. नीट चोळून धुवा, मीठ घालून तीन शिट्ट्या काढा, गार झाल्यावर मोठ्या माणसाने सुरीने सोला.

भोपळ्याचे घारगे: इथे मात्र थोडं थांबा

या ऋतूतला एकच पदार्थ नीट शिकायचा असेल तर घारगे शिका. एकदा केले की तीन-चार दिवस डबा भरलेला राहतो, सहलीला जातात, शाळेच्या डब्यात जातात, गार चांगले लागतात, आणि भाजी म्हणून भोपळ्याकडे ढुंकूनही न पाहणारी मुलं ते मागून खातात. भोपळ्याचा केशरी रंग ज्या बीटा-कॅरोटीनमुळे येतो, त्यातून शरीर अ जीवनसत्त्व तयार करतं, आणि ते अंगी लागायला स्निग्धांश लागतो. घारग्यात तोही असतो.

विदर्भात याच भोपळ्याला कोहळं म्हणतात, कुठे डांगर म्हणतात. नाव काहीही असो, आतून गडद केशरी आणि गर घट्ट असलेली फोड निवडा. फिकट, पाणीदार गराला गूळ आणि पीठ दोन्ही जास्त लागतं आणि चव पिठाचीच येते.

साहित्य: किसलेला लाल भोपळा 2 वाट्या, किसलेला गूळ 1 वाटी, तूप 1 चमचा, कणीक साधारण अडीच वाट्या, तांदळाचं पीठ 2 मोठे चमचे, चिमूटभर मीठ, वेलची किंवा जायफळ, तळायला तेल. खसखस असली तर उत्तम, नसली तर अडत नाही. एवढ्यात वीसेक घारगे होतात.

1. कढईत तूप घालून भोपळ्याचा कीस टाका, झाकण ठेवून मंद आचेवर सात-आठ मिनिटं शिजू द्या. पाणी घालायचं नाही, भोपळ्याचं स्वतःचं पुरतं. बोटांनी चिमटीत धरल्यावर कीस सहज मोडला पाहिजे.

2. गॅस बंद करून मग गूळ घाला. उष्णतेने तो विरघळतो. गूळ घालून उकळत ठेवला तर पाक होतो आणि घारगे वातड, कडक निघतात. नवख्यांचे घारगे बिघडतात ते बहुधा याच पायरीवर.

3. मिश्रण कोमट होऊ द्या. मीठ, वेलची, तांदळाचं पीठ आणि आधी दीड वाटीच कणीक घाला. मळा, आणि मग अर्धी-अर्धी वाटी वाढवत जा. पाण्याचा थेंब नको. पुरीच्या पिठापेक्षा किंचित मऊ, पण हाताला न चिकटणारा गोळा झाला की थांबा. कणीक किती लागेल हे भोपळ्यावर अवलंबून असतं, म्हणून वर "साधारण" लिहिलं आहे.

4. पंधरा-वीस मिनिटं झाकून ठेवा, त्याहून जास्त नको. गुळाचं पाणी सुटत राहतं, आणि तासाभराने तोच गोळा सैल होऊन पुन्हा पीठ मागतो.

5. लिंबाएवढी गोळी घेऊन केळीच्या पानावर किंवा दुधाच्या धुतलेल्या पिशवीवर तेलाचा हात लावून थापा. पुरीपेक्षा थोडा जाड. वर खसखस दाबायची असेल तर आता.

6. तेल मध्यम तापवा. पिठाचा कण टाकल्यावर तो लगेच उसळून लाल झाला तर तेल जास्त तापलं आहे. हळूच वर यायला हवा. गुळामुळे घारगे पटकन काळवंडतात, म्हणून आच वाढवण्याचा मोह टाळा. एका वेळी दोनच सोडा, फुगला की उलटा, खरपूस बदामी रंगावर काढा.

7. जाळीवर पूर्ण गार झाल्यावरच डब्यात भरा. कोमट असताना झाकण लावलं तर आत वाफ धरते आणि दुसऱ्या दिवशी बुरशी दिसते.

तळणाची भीती वाटत असेल, किंवा घरात तळण टाळत असाल, तर याच गोळ्याच्या दशम्या करा. गोळी जरा मोठी घ्या, पोळीसारखी पण जाडसर लाटा, मंद तव्यावर दोन्हीकडून तूप सोडून भाजा. घारग्याची खुसखुस येत नाही, पण मऊ दशमी तुपासोबत किंवा दुधात चुरून छान लागते. ज्या आजोबांनी आयुष्यात कढई हाती धरली नाही, त्यांनी सरळ दशमीच करावी.

सीताफळ: चव फुकट, काम बियांचं

बालाघाटच्या डोंगरांतलं बीडचं सीताफळ, त्याला भौगोलिक मानांकनही आहे, आणि पुण्याकडे सासवड-पुरंदरचं. दोन्हींचा हंगाम याच सुमाराला. पिकलेलं फळ ओळखायची खूण म्हणजे डोळे उघडलेले, त्यांच्या मधल्या भेगा पिवळसर-पांढऱ्या दिसतात आणि अंगठ्याने दाबलं तर हलकंच दबतं. कच्चं फळ फ्रीजमध्ये ठेवलं तर काळं पडतं पण पिकत नाही. कागदात गुंडाळून बाहेर ठेवा, पिकल्यावर फ्रीजमध्ये.

मुलांनी फळ फोडून चमच्याने खावं, बिया थुंकाव्यात, हे सर्वांत उत्तम. पण सगळीच मुलं बियांशी झटायला तयार नसतात. त्यांच्यासाठी गर काढून ठेवा. स्टीलच्या मोठ्या चाळणीत गर घ्या आणि चमच्याच्या पाठीने किंवा स्वच्छ हाताने गोल फिरवा. बिया वर राहतात, गर खाली. मिक्सरमध्ये बियांसकट अजिबात फिरवू नका. बिया फुटल्या तर गर कडू होतोच, शिवाय त्या विषारी असतात. सीताफळाच्या बियांची पूड उवांवर वापरायची जुनी पद्धत आहे, आणि ती डोळ्यांत गेल्यास इजा होते. त्यामुळे बिया मोजून कचऱ्यात, लहान भावंडांच्या हाती नको.

दोन वाट्या दूध उकळून थोडं आटवा, पूर्ण गार करा, मग त्यात दोन मध्यम फळांचा गर मिसळा. झालं सीताफळाचं दूध. साखर लागत नाही. दूध गरम असताना गर घालू नका आणि मिसळल्यावर उकळू तर मुळीच नका, सीताफळाचा गर तापवला की कडवट होतो. हाच गर घट्ट दह्याच्या चक्क्यात कालवला तर मुलं आईस्क्रीमसारखी चाटून खातात. जास्त फळं आली असतील तर गर छोट्या डब्यांत भरून फ्रीझरमध्ये टाका.

कणीस आणि चुरमुरे, घाईच्या दिवसांसाठी

सहामाही परीक्षेच्या दिवसांत कोणालाच वेळ नसतो. तेव्हा कणीस कुकरमध्ये दोन-तीन शिट्ट्या उकडून लिंबू-मीठ चोळून द्या, विषय संपला.

मूल उकडलेल्या कणसाला कंटाळलं असेल तर इंदूरकर मराठी घरांतला मक्याचा कीस करून पाहा. तीन कणसं किसणीवर किसायची. चमचाभर तुपात जिरं, हिंग, हळद, मिरचीचे मोठे तुकडे, मग कीस. पाच-सहा मिनिटं परतत राहा, तळाला लागतो. अर्धी वाटी दूध घालून झाकण ठेवा, पाच मिनिटांनी मीठ, लिंबू, कोथिंबीर, ओलं खोबरं. स्वीटकॉर्न वापरलात तर दूध निम्मं करा, तो आधीच रसाळ असतो. इंदूरला हा "भुट्टे का कीस" म्हणून मिळतो आणि तिथल्या खवय्यांच्या मते आमचं प्रमाण नेहमी चुकतं. असो.

पाऊस संपल्यावर चुरमुरे सादळायचे थांबतात. किलोभर आणून मंद आचेवर कढईत भाजून घट्ट डब्यात भरून ठेवा. मुलाला भूक लागली की दोन मुठी चुरमुरे, चमचाभर तूप, चमचाभर मेतकूट, चिमूट मीठ. कालवा आणि द्या. सात-आठ वर्षांचं मूल हे स्वतःही करू शकतं. वेळ असेल त्या रविवारी सांगली-कोल्हापूरच्या धर्तीवर भडंग करा: तेलात दाणे तळून बाजूला, त्याच तेलात ठेचलेला लसूण आणि कढीपत्ता कडक होईपर्यंत, गॅस बंद करून हळद-तिखट-मीठ, आणि वर चुरमुरे. लसूण मऊ राहिला तर भडंग दोन दिवसांत सादळतं, म्हणून तो कुरकुरीत होईपर्यंत थांबा. मुलांसाठी तिखट अर्धं, पिठीसाखर चमचाभर.

न खाणाऱ्या मुलाचं काय करायचं

उपाय आपल्याकडे फार पूर्वीपासून आहे, आणि तोही याच ऋतूतला. भोंडल्यात किंवा हादग्यात गाणी झाली की खिरापत लगेच वाटत नाहीत, आधी ओळखायची असते. विदर्भ-खानदेशात भुलाबाईच्या गाण्यांनंतरही डबा वाजवून खाऊ ओळखायला लावतात. गोड की तिखट, कोरडा की ओला, तळलेला की उकडलेला. पोरी तासभर डोकं खाजवतात आणि शेवटी जे निघेल ते चाटूनपुसून खातात, घरी त्याच पदार्थाला नाक मुरडत असल्या तरी.

हे रोज करा. झाकणाच्या डब्यात खाऊ ठेवा, डबा हलवा, तीन प्रश्न विचारायची मुभा द्या. ओळखलं तर पहिला घास ओळखणाऱ्याचा. मुलगे असोत वा मुली, खेळ सगळ्यांना आवडतो. इमारतीतल्या चार घरांनी मिळून नऊ दिवस वाटून घेतले तर प्रत्येकावर दोन-तीनच खिरापती येतात, आणि मुलांना रोज नवं मिळतं. फक्त आधी ठरवून घ्या, नाहीतर चारही घरांतून एकाच दिवशी राजगिऱ्याचे लाडू येतात.

दुसरा उपाय कामाला लावण्याचा. चार-पाच वर्षांची मुलं शेंगा सोलतात, वेलची सोलतात. सहा-सात वर्षांची घारगे थापतात (वेडेवाकडे आले तरी तसेच तळा, स्वतः थापलेला घारगा कोणी सोडत नाही) आणि सीताफळाचा गर चाळतात. किसणी दहाच्या पुढे, तीही नजरेसमोर. तळणाजवळ कोणीही नको, कितीही हट्ट केला तरी.

परदेशात असाल तर

अमेरिका-कॅनडात, ब्रिटनमध्ये या दिवसांत भोपळ्यांचे डोंगर लागतात, पण ज्यांना कोरून दिवे करतात ते मोठे भोपळे घारग्यांना घेऊ नका. ते पाणचट आणि बेचव असतात. बटरनट स्क्वॉश घ्या, गर घट्ट आणि गोड, किसायलाही सोपा. डब्यातला भोपळ्याचा लगदा वापरायचा तर त्यात साखर-मसाले आधीच घातलेले नाहीत ना, हे लेबलवर वाचा. तो आधीच शिजलेला असतो, म्हणून कढईत फक्त पाणी आटवा आणि गूळ घाला. कणीक थोडी जास्त लागते.

तिथल्या पुष्कळ शाळांत शेंगदाण्यांना मनाई असते. उकडलेल्या शेंगा, कूट घातलेला कीस, भडंग हे सगळं घरी आल्यावरच द्यायचं, डब्यात नाही, आणि शाळेचा डबा भरण्याआधी तुमचे हात आणि ओटा पुसलेला हवा. घारगे आणि दशम्या मात्र निर्धास्त पाठवा. सीताफळ ताजं मिळणं अवघड, भारतीय दुकानांच्या फ्रीझरमध्ये गर मिळतो. तो फ्रीजमध्येच सावकाश सुटू द्या, मायक्रोवेव्हमध्ये नाही. कारण वर सांगितलंच आहे.

कोजागिरीनंतर

कोजागिरीला मसाला दूध करायला बदाम, पिस्ते, वेलची, जायफळ, केशर कुटून मसाला केला असेल तर तो दुप्पट करा. उरलेला बाटलीत भरून फ्रीजमध्ये ठेवला की पुढचे दोन-तीन आठवडे संध्याकाळच्या कपभर दुधात चमचाभर टाकता येतो, आणि "साधं दूध नको" ही तक्रार तेवढे दिवस बंद. जायफळ जपून, मुलांच्या दुधाला चिमटीहून जास्त नको.

याच सुमाराला बाजारात आवळे यायला लागतात. किसून, मीठ आणि किंचित जिरेपूड लावून ताटात पसरा आणि कडक उन्हात दोन-तीन दिवस वाळवा. ऑक्टोबरचं ऊन एवढ्यासाठी तरी कामी येतं. वरून पातळ कापड बांधा. कुरकुरीत झाला की बरणीत. खेळून आलेल्या मुलाच्या तळहातावर चिमूटभर.

मग दिवाळीची तयारी सुरू होते, पातळ पोहे उन्हात पडतात, चकलीची भाजणी दळून येते. त्या आठवड्यात वेगळा खाऊ करत बसू नका. मुलं चिवड्याच्या डब्याभोवती फिरतच असतात. त्यांना बशीत काढून द्या आणि बरोबर एखादा पेरू कापून द्या.